दुनळीचा दुसरा बार

५ ऑक्टोबर १९५८, रविवार

अप्पांनी आज जेवताना माझ्या मांडीवर बंदूक ठेवली. जेवताना! पानात कडंबट्टू, तांदळाचे वाफवलेले गोळे, बोटं रश्शाने माखलेली, आणि मांडीवर ती दुनळी. मी इतकी दचकले की तांब्या कलंडला.

"उद्यापासून तू," म्हणाले.

"मी काय?"

"डुकरं. आणखी काय?"

मी! वय एकोणतीस, मडिकेरीच्या मुलींच्या शाळेत भूमिती शिकवते, कैलपोळ्दच्या सणाला बंदुकांची पूजा होते तेव्हाही मागच्या दाराशी उभी राहते. डुकराचं मटण तोंडात घालत नाही म्हणून गावातले लोक मला पाहुण्यांना दाखवतात — ही बघा, कुट्टय्याची मुलगी चोंदी, कोडव असून पंदी खात नाही! मी रजा टाकून आले ती अप्पांचं औषधपाणी करायला. डुकरं मारायला नाही.

पण ओढ्यालगतची दोन खाचरं काल पार तुडवून टाकलीत. मजूर डबे वाजवतात, डुकरं त्या तालावर खातात. घरात पुरुषमाणूस म्हणजे अप्पा — खाटेपासून दारापर्यंत गेले की खांबाला धरून उभे राहतात. आणि दुसरा अण्णा, माझा थोरला भाऊ पूवय्या. तो ओढ्यापलीकडे, बायकोच्या माहेरच्या जमिनीवर राहतो. नऊ वर्षांत या उंबऱ्याला त्याचा पाय लागलेला नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय. फुप्फुसं गेली. "पुत्तरीचं नवं भात खातील बहुतेक." पुत्तरी, आमचा सुगीचा सण, नोव्हेंबरच्या शेवटी. मी रोज दिवस मोजते. अप्पा म्हणतात, पहिली पेंढी आपल्याच खाचरातली कापायची आहे, तोवर भात उभं राहिलं पाहिजे. एवढंच म्हणतात. अण्णाचं नाव काढत नाहीत. पण दिवसभर खाट कुठे ओढून घेतात ते मला दिसतं — ओढा दिसेल तिथे.

हे बोलावणार नाहीत. तो बोलावल्याशिवाय येणार नाही. मधला ओढा शेळीसुद्धा ओलांडते.

६ ऑक्टोबर

बंदूक आठ पौंडांची आहे म्हणे. खोटं. दुपारपर्यंत ती मणाची होते.

आज नुसती धरायची. अप्पा खाटेवरून हुकूम सोडतात आणि केंचा माझा कोपर वरखाली करतो. केंचा कुरुब जमातीचा आहे, अप्पांबरोबर चाळीस वर्षं रानात हिंडलाय. त्याला दात चारच उरलेत, पण चारही दाखवून हसतो.

"नळी माणसाकडे वळवायची नाही. रिकामी असली तरी नाही."

"बरं."

"आत्ता कुणाकडे आहे?"

माझ्याकडे होती — माझ्याच पायाकडे! अप्पा म्हणाले, "एक अंगठा कमी झाला तरी भूमिती शिकवता येते."

काडतुसांचा डबा त्यांच्या उशाखाली. मला एकही नाही.

७ ऑक्टोबर

खांदा निळा. अजून एकही बार काढलेला नाही, तरी निळा! नुसता दस्ता आपटून आपटून.

९ ऑक्टोबर, गुरुवार

केंचाने आज माग दाखवले. चिखलात दोन खूर, मागे दोन बारके टोचे. "हे टोचे खोल गेले की डुक्कर जड." मग एका खड्ड्याशी नेलं, तिथे ती लोळतात. झाडाच्या सालीवर माझ्या कमरेइतक्या उंचीवर चिखल घासलेला होता. कमरेइतक्या! मी विचारलं, "हे डुक्कर आहे की म्हैस?"

"एकांडा आहे, अक्का. कळपातून निघालेला. म्हातारा, चिडका, कुणाचं ऐकत नाही." मग हळूच, "घरी आहे तसाच."

परत येताना ओढ्याकाठी अण्णा दिसला, पलीकडच्या बांधावर. पाठमोरा होता. वळला, माझ्या खांद्यावरची बंदूक बघितली. नजर तिथेच खिळली. ती त्याला ओळखता येणारच, चौदा वर्षांचा असल्यापासून वापरायचा. मी उभी राहिले. वाटलं, आता काही विचारेल. अप्पांची तब्येत तरी.

तर ओरडून म्हणतो काय — "दस्ता खांद्यात घट्ट रोव! असा मोकळा धरलास तर जबडा फुटेल!"

दोन वर्षांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य!

घरी येऊन अप्पांना ते वाक्य तेवढं सांगितलं.

"बरोबर सांगितलंय," म्हणाले. कुणी, ते विचारलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

पाऊस नाही, शिकवणी नाही. अप्पा झोपलेत. भांडणाबद्दल आजवर कुठेच लिहिलं नाही, आज लिहिते.

नऊ वर्षांपूर्वी, अण्णा सैन्यातून सुट्टीवर आलेला. सगळ्या गावाची शिकार निघाली होती, अप्पा म्होरके. एक मोठा नर दोघांच्या मधून सुटला — अण्णाने बार काढला आणि आमच्या चुलत्यांच्या, मंदण्णा कुंजप्पांच्या, मुलानेही. डुक्कर पडलं. आमच्यात ज्याच्या गोळीने पहिलं रक्त निघालं, डुक्कर त्याचं. मुंडकं त्याला मिळतं, नाव त्याचं होतं. गोळी कुणाची ते म्होरक्याने ठरवायचं.

अण्णा म्हणाला, माझी. सगळ्यांना वाटत होतं त्याचीच. अप्पांनी डुकराभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, "पूवय्याची नाही."

भर गावासमोर! अण्णाने बंदूक — हीच बंदूक — अप्पांच्या पायाशी ठेवली आणि ओढा ओलांडून गेला. मुंडक्यासाठी नव्हे, ते मलाही तेव्हा कळलं होतं. भर सभेत बाप मुलाला खोटारडा म्हणाला, म्हणून.

एका डुकरासाठी नऊ वर्षं! मला हे आठवलं की दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटतात.

१४ ऑक्टोबर

पहिला बार! बांधावर भोपळा ठेवला होता. अप्पांनी उशाखालून एक काडतूस काढून माझ्या तळहातावर ठेवलं, प्रसादासारखं. मी डोळे मिटले. (मिटायचे नसतात.) चाप ओढला. आवाजाने माझी वाचा बसली, कानात घंटा. भोपळा जागच्या जागी. त्याच्यामागची केंचाची नवी टोपली मात्र गेली.

मग मंदण्णा कुंजप्पा काठी टेकत आले. अप्पांचे चुलतभाऊ, गावचे तक्क, निवाडे करणारे. अंगणातूनच ओरडले, "बार ऐकला! कुणाला मुलगा झाला? आमच्या मास्तरणीला की काय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. अप्पा हसले.

कुंजप्पा म्हणाले, "एकच ऐकला म्हणून हसत आलो. लागोपाठ दोन ऐकले असते तर पांढरे कपडे घालून आलो असतो."

बोलून गेले आणि जीभ चावली — आमच्यात एक बार म्हणजे मुलगा झाला, लागोपाठ दोन म्हणजे घरात कुणी गेलं. अप्पा अजून हसतच होते, हसता हसता खोकायला लागले आणि थांबेचनात. रुमालावर रक्त आलं. पहिल्यांदाच. मी तो रुमाल कुणाला दाखवला नाही.

१७ ऑक्टोबर

भोपळा फुटला. चार बारांत एकदा. प्रत्येक बारानंतर मनात शंभर मोजायचे, मगच दुसरं काडतूस — तोंडाने नाही, अप्पा बोटं वळवून मोजतात.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज पहाटे पहिल्यांदा मचाणावर बसले. नुसतं उजाडत होतं. वारा तोंडावर. केंचा शेजारी, पण श्वासही ऐकू येत नव्हता त्याचा. मला मात्र माझं स्वतःचं पोट ऐकू येत होतं.

डुकरीण आली. भात हललं, मग काळी पाठ. मी घोडा चढवला, दस्ता रोवला — अण्णाने सांगितला तसा — आणि डोळे उघडे ठेवले. आणि मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते: मारावंसं वाटलं. मनापासून. हात जराही थरथरत नव्हता. मी, जी कोंबडी कापताना घराबाहेर जाते!

मग तिच्यामागून पिल्लं निघाली. पाच. पट्ट्यापट्ट्यांची, खारींसारखी.

नाही काढला बार. सहा जणांनी मिळून अर्धं खाचर संपवलं आणि मी वर बसून बघत होते. खाली उतरले आणि बंदूक केंचाकडे देऊन टाकली, पिल्लांमुळे नव्हे. मघाशी मारायला टपलेल्या त्या माझीच भीती वाटली.

वाटलं अप्पा फाडून खातील. ते म्हणाले, "बरं केलंस. पिल्लांची आई मारत नाहीत." थोड्या वेळाने, "अर्धं खाचर गेलं का?"

"गेलं."

"जाऊ दे."

अप्पा आणि 'जाऊ दे'! मला धडकीच भरली. माणूस असा बोलायला लागला म्हणजे काय समजायचं?

२६ ऑक्टोबर, रविवार

काल अप्पांनी दिवसभर काही खाल्लं नाही. आज मी ठरवलं, मान गेला चुलीत, आणि ओढा ओलांडून अण्णाकडे गेले.

अण्णा ओसरीवर दोर वळत होता. मुत्तव्वा वहिनी मला बघून आतून धावत आली.

मी म्हटलं, "अप्पा फार दिवस नाहीत."

दोर थांबला. "त्यांनी बोलावलंय?"

"नाही."

"मग?"

मग! म्हणे मग! मी तोंडाला येईल ते बोलले. वहिनी पदर तोंडाला लावून रडत होती. अण्णा ऐकत राहिला, पुन्हा दोर वळायला लागला. मी निघाले तेव्हा मागून विचारतो, "जेवतात का?"

"काल नाही."

"कचंपुळी घालून पातळ रस्सा दे. आंबट लागलं की जातं त्यांना."

दिला. गेला. वाटीभर प्यायले. मी सांगून टाकलं कुणी सुचवलं ते. आणि रागाच्या भरात हेही सांगितलं की मी गेले होते, आणि तो 'बोलावलंय का' विचारतो.

अप्पा वाटीच्या तळाशी बघत म्हणाले, "येईल की. अंगणात दोन बार झाले की येईल. ते ऐकून घरी बसेल असा कोडव नाही तो."

मी आत जाऊन रडले. बाप मुलाला भेटणार, पण बापाला ते दिसणार नाही — आणि हे त्यांनी रस्सा पिता पिता सांगितलं!

३० ऑक्टोबर

एकांडा आला होता. मोठं खाचर. चिखलात माग बघून केंचाने आपली वीत लावली. एका बाजूचा सुळा तुटलेला असावा, म्हणतो — बांध एकाच बाजूने उकरलाय.

२ नोव्हेंबर, रविवार

अप्पांना वेड लागलंय. एकांड्यासाठी ते स्वतः येणार म्हणतात! वेताच्या खुर्चीला दोन बांबू बांधायचे आणि चौघांनी उचलून खाचरात न्यायचं. मी म्हटलं, "पहाटेच्या गारठ्यात तुम्ही मराल."

"खाटेवर काय अमर आहे का मी?"

केंचाला म्हटलं, तू तरी समजाव. केंचा खुर्चीला बांबू बांधत होता.

आणि आणखी एक. आजवर एका वेळी एक काडतूस देत होते. आज म्हणाले, दोन्ही नळ्या भरायच्या. "एकांडा जखमी झाला तर अंगावर येतो. तेव्हा डब्यात बोटं घालत बसशील का?"

खरं आहे.

६ नोव्हेंबर

दोन पहाटा फुकट. एकांडा नाही. अप्पा कांबळ्यात गुंडाळलेले, ओठ निळे. आज सांगितलं, पुरे. म्हणाले, "शनिवारी येईल. वारा फिरतोय."

८ नोव्हेंबर, शनिवार

क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फिरेल.

आज मचाण नाही. बांधाआड, बांबूच्या तट्ट्यामागे. अप्पांची खुर्ची माझ्या उजव्या खांद्यामागे, केंचा डावीकडे, खुर्ची आणणारे गडी मागे झाडीत. नुकतं फटफटलं होतं, धुकं ओढ्यावरून सरकत होतं. पलीकडे अण्णाच्या घरातून धूर निघत होता.

तो आला. कसलाही आवाज न करता आला, एवढं मोठं जनावर! आधी काही नव्हतं आणि मग होता. वीस पावलांवर. एकच सुळा. उभा राहून नाक वर केलं. मी दस्ता रोवला. खांद्यामागची जागा, पुढच्या पायाच्या रेषेत, केंचाने कोळशाने भिंतीवर काढून दाखवलेली. चाप ओढला.

तो गुडघ्यांवर आला, जणू काही शोधतोय. मग कुशीवर.

आणि माझ्या कानाशी अप्पा ओरडले — त्या फुप्फुसांतून एवढा आवाज! — "दुसरा! लगेच! मार!"

मी मारला.

मग सगळं शांत. धूर. मी मारलंय हे कळायलाच मला वेळ लागला. रडू येत होतं आणि हसूही. अप्पांकडे वळले, म्हटलं शाबास तरी म्हणतील. ते डुकराकडे बघतच नव्हते. ओढ्याकडे बघत होते.

तेवढ्यात गावातून पहिली किंकाळी आली. मग दुसरी. कुत्री. कुणीतरी मोठ्याने कुणाला तरी हाका मारतंय.

तेव्हा कळलं. दोन बार. लागोपाठ. माझ्या हातून! शेंबडं पोरसुद्धा करणार नाही ही चूक — शिकारीत एक बार काढला की शंभर मोजतात, डुक्कर पळालं तरी चालेल पण मोजतात. आणि घरात आजारी माणूस आहे हे गावात कुणाला ठाऊक नाही? आत्ता घराघरांत पांढरे कपडे निघत असतील. मी माझ्या जिवंत बापाचं मरण गावाला ओरडून सांगितलं होतं!

मी धावत सुटणार तर अप्पांनी माझा पदर धरला. "थांब. मला धाप लागलीय." सोडेनातच.

अण्णा पहिला आला. ओढ्यातून, सरळ पाण्यातून. पूल वीस पावलांवर असताना! मांडीपर्यंत चिखल, अंगात रोजची जुनी चड्डी, डोकं उघडं. तट्ट्याच्या कडेने आला आणि खुर्ची बघून थांबला. खुर्चीतले अप्पा बघून.

दहा पावलांचं अंतर. मला वाटलं, हा आता मागे वळेल.

अप्पा म्हणाले, "ओल्याने उभा राहू नकोस."

अण्णाने डुकराकडे मान केली. "कुणी?"

"चोंदीने."

"बरी लागलीय."

मग अप्पा म्हणाले, "ते डुक्कर तुझं होतं."

"हे?"

"हे नाही. नऊ वर्षांपूर्वीचं. पहिलं रक्त तुझंच होतं. मला तेव्हाच दिसलं होतं."

अण्णाचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "मग बोलला का नाहीत?"

"म्होरक्याने पोटच्या पोराची बाजू घेतली म्हणाले असते."

"म्हणू द्यायचं होतं!"

"हो," अप्पा म्हणाले. फक्त हो. आणि मान खाली घातली. माझ्या बापाने! मान खाली!

मग गाव आलं. पुढे बायका, मोठ्याने रडत, केस सोडलेले. त्या बांधावरून उतरल्या आणि अप्पा समोर, कांबळं पांघरून बसलेले. रडणं कुणाचं अर्ध्यात तुटलं, कुणाचं नाही. एक म्हातारी आत्या तर सुरू केलंय म्हणून रडतच राहिली. मंदण्णा कुंजप्पा पांढराशुभ्र अंगरखा घालून, धापा टाकत.

"कुट्टय्या! तू जिवंत?"

"दिसतोय तसा."

"मी हा अंगरखा घालून आलोय!"

"शोभतोय तुला. आलात तर बसा सगळे. डुक्कर मोठं आहे."

मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. कुंजप्पांनी मला असं झाडलं, असं झाडलं! "पोरींना गणितं शिकवतेस आणि तुला स्वतःला एक आणि दोन कळत नाही?" हातातली बंदूक पुरून टाकावी आणि वर आपण झोपावं असं झालं. निवाडा तिथेच: कुळाच्या मोठ्या घरातल्या, पूर्वजांच्या दिव्यासमोर माफी मागायची आणि जेवढी घरं धावत आली तेवढ्या घरी मटणाचा वाटा स्वतः नेऊन द्यायचा. एकतीस घरं.

खुर्ची उचलायची वेळ आली. चौघे गडी पुढे झाले. अण्णाने त्यातल्या एकाला कोपराने बाजूला सारलं आणि तो बांबू स्वतःच्या खांद्यावर घेतला. उंबऱ्याशी अप्पा म्हणाले, "डोकं जप, चौकट खाली आहे." जसं काही तो परका!

आत आला.

९ नोव्हेंबर, रविवार

डुक्कर काल दुपारीच फोडलं. मी वाटे करायला बसले होते (नाकाला फडकं बांधून), केंचाने काळीज काढून माझ्यासमोर धरलं. मधोमध भोक.

"पहिलाच बार, अक्का. जागच्या जागी गेलं होतं."

"आणि दुसरा?"

"तो याला लागलाच नाही. त्याच्या पोटाखालून चिखलात."

"मग अप्पा दुसरा मार का ओरडले?"

केंचाने काळीज पानावर ठेवलं. "पडलेलं जनावर मेलंय की नाही, हे कुट्टय्याला माझ्याआधी कळतं. चाळीस वर्षं कळतंय." आणि ते चार दात.

मी तशीच उठले, हात रक्ताचे. अप्पा खाटेवर, अण्णा बाहेर लाकडं फोडत होता.

"तुम्ही मुद्दाम केलंत."

अप्पांनी डोळे उघडले नाहीत. "डुकराच्या मागे धावून ते मिळत नसतं. ते ज्या आवाजाला हमखास येतं, तो आवाज काढायचा."

"अहो, पण सगळं गाव मला हसतंय! एकतीस घरांची माफी!"

"तुला शिकार शिकवली की नाही?"

पाच आठवडे माझा खांदा फोडला, भोपळे फोडले, मला रानात हिंडवलं, ते भातासाठी नव्हतंच. हाकारा घालायला माणूस हवं होतं, ते मी! मला संताप यायला हवा होता. तसा आलाही. पण बाहेर लाकडावर कुऱ्हाड पडत होती, आणि प्रत्येक घावाला अप्पांच्या तोंडावर जे दिसत होतं ते बघून मी मुकाट्याने परत वाटे करायला गेले.

रात्री पंदी करी झाली. अप्पांनी दोन घास खाल्ले. मीही खाल्ली. कशी लागली ते लिहिणार नाही.

११ नोव्हेंबर

एकतीस घरं झाली. प्रत्येक घरी तोच विनोद. सतरा घरी "मुलगा झाला तर तीन बार काढशील का" विचारलं.

मुत्तव्वा वहिनी आली, गाठोडं घेऊन. कुणी बोलावलं नाही, तिने विचारलंही नाही. अण्णा ओसरीवर झोपतो. अप्पा आणि तो सकाळपासून बंदुकीला कुठलं तेल लावायचं यावरून भांडतायत. ऐकून कंटाळा आला — इतकं बरं वाटलं!

१४ नोव्हेंबर

श्वास फार वरवरचा. डॉक्टर येऊन गेले. अण्णा त्यांचे पाय चोळत बसलाय. मला सारखं टोचतंय — याला ठाऊकच नाही की याला फसवून आणलंय. उद्या अप्पा गेल्यावर दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं तर? पुन्हा ओढा ओलांडेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सांगून टाकलं. अण्णा ओसरीवर दुनळी साफ करत होता. म्हटलं, अप्पांवर रागावू नकोस, तो दुसरा बार त्यांनी मुद्दाम काढायला लावला.

"ठाऊक आहे," म्हणाला. "माणूस गेलं की बार आभाळात काढतात, आवाज डोंगरावरून फिरून येतो. ते दोन्ही खाली गेले होते. दुसरा तर चिखलात."

"मग तुला कळलं होतं, अप्पा जिवंत आहेत?"

"हो."

"तरी पाण्यातून धावत आलास?"

त्याने नळीतून चिंधी ओढून काढली, उजेडात धरून आत बघितलं.

"म्हणून तर धावत आलो," म्हणाला. "गेले असते तर पुलावरून आलो असतो."